बाळ तिथे जन्मलं म्हणजे पासपोर्ट मिळालाच?

परदेशात जन्मलेलं बाळ आपोआप तिथलं नागरिक होतं, हा समज सोबत घेऊनच अनेक तरुण जोडपी विमानात बसतात. कॅनडात बहुतांशी तसं आहेही. पण ब्रिटनने ही सरसकट सोय 1 जानेवारी 1983 पासून बंद केली, ऑस्ट्रेलियाने 20 ऑगस्ट 1986 पासून. तिथे साधारणपणे आई-वडिलांपैकी निदान एकजण नागरिक किंवा कायम रहिवासी असावा लागतो. नसेल, तर जन्मापासून तिथेच वाढलेलं मूल वयाच्या 10व्या वर्षी पात्र ठरतं. ऑस्ट्रेलियात आपोआप, ब्रिटनमध्ये मात्र अर्ज करून आणि भरभक्कम शुल्क मोजून. बाळामुळे आई-वडिलांचाही मुक्काम आपोआप पक्का होतो, ही तर निव्वळ अफवा! अमेरिकेतही नागरिक अपत्य 21 वर्षांचं झाल्यावरच आई-वडिलांच्या ग्रीन कार्डासाठी अर्ज करू शकतं.