प्रोफेशनलपणा

प्रोफेशनलपणा म्हणजे आपलं काम असं करणं की समोरचा माणूस आपल्या भरवशावर त्याचा दिवस आखू शकतो, त्याचे पैसे गुंतवू शकतो, कधीकधी जीवही सोपवू शकतो. पुण्यात हा शब्द रोज कानावर पडतो, इंटरव्ह्यूत, अप्रेझलमध्ये, सोसायटीच्या मीटिंगमध्ये प्लंबरवर चिडताना, आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा असतो. कुणाला इस्त्रीचा शर्ट आणि फाडफाड इंग्लिश म्हणजे प्रोफेशनल वाटतं, कुणाला ऑफिसात कुणाशी जास्त न बोलणं, आणि काही मॅनेजर लोकांना तर रात्री 10 पर्यंत खुर्चीत बसणारा माणूसच प्रोफेशनल वाटतो, जे साफ चुकीचं आहे. कामाला उपयोगी पडणारा अर्थ मला तरी एकच माहितीये, जे जमणार आहे ते सांगायचं आणि करायचं, आणि जे जमणार नाही ते वेळ हातात असतानाच सांगायचं.

कायदा आणि पुण्याचे इंजिनिअर

काही पेशांमध्ये याचे नियम लिहून ठेवलेत. सीए लोकांसाठी 1949 चा कायदा आहे, वकिलांसाठी 1961 चा, आर्किटेक्टसाठी 1972 चा. वकिलाला स्वतःच्या कामाची जाहिरात करता येत नाही. डॉक्टरांसाठी 2002 ची आचारसंहिता आहे, त्यात पेशंटची माहिती गुप्त ठेवणं तर आहेच पण पेशंटने किंवा नातेवाईकांनी केसपेपर मागितले तर 72 तासांत द्यायचे असंही आहे, हे बऱ्याच जणांना माहितीच नसतं. सीएने सर्टिफिकेटवर सही केली की त्याला 18 आकडी युडीआयएन नंबर घ्यावा लागतो, 2019 पासून ते बंधनकारक आहे, म्हणजे ही सही खरंच त्याच सीएची आहे का हे कुणीही ऑनलाईन तपासू शकतो. फारच मोठी गडबड केली तर नाव रजिस्टरमधून जाऊ शकतं, सनद जाऊ शकते.

इंजिनिअरांचं मात्र तसं नाही, त्यांच्यासाठी देशभर लागू होणारा वकिलांसारखा सनदेचा कायदा नाहीये, सॉफ्टवेअरवाल्यांसाठी तर नाहीच नाही. आणि पुणं तर इंजिनिअरांचं शहर. सीओईपी या इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजची सुरुवात 1854 ची, विश्वेश्वरय्या तिथलेच, 1883 ला पास झाले आणि त्यांची आपोआप उघडणारी दारं 1903 मध्ये खडकवासल्याला बसली. पुढे पिंपरीत 1954 ला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, 1962 ला एमआयडीसी स्थापन झाली, मग भोसरी, आकुर्डी, चाकण, आणि नंतर आयटी कंपन्यांची हिंजवडी. एवढ्या सगळ्या लोकांचा प्रोफेशनलपणा कुठल्या सनदेवर नाही तर कंपनीची शिस्त आणि माणसाची स्वतःची सवय यावर चालतो.

तो नुसता चांगल्या वागणुकीचा विषय नाही हे पुण्याला पानशेत धरणाने दाखवलंय. धरणाचं काम पूर्ण झालेलं नव्हतं, तरी 1961 च्या पावसाळ्यात त्यात पाणी साठलं, मातीचा बांध खचायला लागला, जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, आणि 12 जुलैला सकाळी धरण फुटलं, त्या लोंढ्याने खाली खडकवासलाही फुटलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. जुन्या घरांमधून अजूनही पाणी कुठपर्यंत आलं होतं हे सांगतात. मला त्यात कामाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो एक प्रश्न, की एखादी गोष्ट तयार नाहीये हे म्हणायचा अधिकार कुणाला आहे, त्याने ते कधी म्हणायचं आणि म्हटलं तर वरचे ऐकणार आहेत का. हा प्रश्न धरणाला लागू आहे तसाच शुक्रवारी संध्याकाळी लाईव्ह जाणाऱ्या पेमेंट सिस्टिमला पण लागू आहे.

शॉपफ्लोअर, हिंजवडी आणि गल्ली

भोसरी किंवा चाकणच्या मशीन शॉपमध्ये सेटिंग बदललं की पहिला पीस काढून क्वालिटीवाल्याकडे न्यायचा, त्याने मापं तपासून ओके दिलं की मगच लॉट सुरू करायचा, हा नियम बऱ्याच ठिकाणी भिंतीवर लिहिलेला असतो. आणि टार्गेट डोक्यावर आलं की सगळ्यात आधी हाच नियम मोडला जातो, अरे मागच्या वेळी बरोबर आलं होतं ना, चालव. मग शंभर पीस रिजेक्शनमध्ये जातात. जो ऑपरेटर सुपरवायझर मागे उभा असताना पण सांगतो की साहेब पहिला पीस ओके झाल्याशिवाय मी बटण दाबणार नाही, तो खरा प्रोफेशनल, मग त्याचं शिक्षण आयटीआयचं असो नाहीतर नसो. पाळी बदलताना पण तेच, टूल झिजत आलंय, माप वरच्या लिमिटकडे सरकतंय, हे पुढच्या पाळीच्या माणसाला सांगून जाणं ही दोन मिनिटांची गोष्ट आहे आणि ती केली नाही तर त्याची अख्खी पाळी वाया जाऊ शकते.

हिंजवडीत वस्तू दिसत नाही म्हणून लपवणं सोपं. सकाळच्या स्टँडअपला, म्हणजे टीमच्या छोट्या मीटिंगला, रोज 'इन प्रोग्रेस' म्हणायचं आणि डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी सांगायचं की अजून तीन दिवस लागतील, हे इतकं चालतं की लोकांना त्यात काही वावगं वाटेनासं झालंय. याचं एक कारण आपल्याकडची तोंडावर नाही न म्हणायची सवय, 'बघतो', 'होऊन जाईल', 'करून टाकू' हे शब्द आपण समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून वापरतो, पण तिकडे न्यूयॉर्कला बसलेला माणूस ते हो म्हणून ऐकतो आणि पुढच्या चार जणांना तारीख देऊन मोकळा होतो. उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा म्हणजे त्याचे सकाळचे नऊ, हिवाळ्यात आपले साडेसात, म्हणजे अडचण दुपारी मेल करून ठेवली तर त्याचा दिवस ती वाचूनच सुरू होतो, आणि तीच रात्री 11 ला सांगितली तर त्याचा अर्धा दिवस गेलेला असतो. तसंच सुट्ट्यांचं. विसर्जनाच्या दिवशी किंवा पालखी येते त्या दिवशी रस्ते बंद असणार हे आपल्याला आधीपासून माहिती असतं, क्लायंटला ते त्या दिवशी सकाळी का कळावं?

भाषेचाही एक मुद्दा आहे. टीममध्ये एखादा ओडिशाचा किंवा तमिळ सहकारी असेल तर चहाच्या टपरीवर मराठीत मनसोक्त गप्पा माराव्यात, मारायलाच पाहिजेत, पण कामाचा निर्णय मराठीत होऊन गेला आणि त्याला दुसऱ्या दिवशी कळला तर ते चुकलंच. अहो-जाहोचं मात्र फार मनावर घेऊ नये, नावाने हाक मारणारा उर्मट आणि साहेब म्हणणारा लाचार असं काही नसतं, पिंपरीच्या कारखान्यातली रीत वेगळी आणि आयटीतली वेगळी.

हा शब्द नुसता ऑफिसवाल्यांचा आहे असं समजणाऱ्यांनी पुण्यातल्या कचरावेचक बायकांकडे बघावं. 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली, डॉ. बाबा आढावांसारखी माणसं त्यामागे होती, आणि 2008 पासून त्याच कामगारांची स्वच्छ ही सहकारी संस्था महापालिकेबरोबर घरोघरचा कचरा गोळा करते. आधी ज्यांना लोक चोर समजून हाकलायचे त्यांच्याकडे ओळखपत्र आलं, ठरलेला भाग आला, ठरलेली फी आली. कुठलं प्लास्टिक विकलं जातं आणि कुठलं नाही, ओल्यात काय आणि सुक्यात काय याचं त्यांचं ज्ञान बहुतेक सोसायटीवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त असतं. त्यांना सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वेगळं द्या एवढं साधं आपण पाळत नसू तर प्रोफेशनलपणावर बोलायचा आपल्याला हक्क नाही.

कंपनीचा प्रोफेशनलपणा

कामगाराकडून, व्हेंडरकडून, फ्रीलान्सरकडून वेळ पाळण्याची अपेक्षा करणारी कंपनी स्वतः पेमेंटची वेळ पाळते का? 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायला हवेत आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. तरीही भोसरीतला छोटा वर्कशॉपवाला ते व्याज मागत नाही, कारण मागितलं तर पुढची ऑर्डर बंद होईल ही भीती, आणि तो मग स्वतःच्या कामगारांचा पगार उसने घेऊन करतो. हे सगळ्यांना माहिती असूनही मोठ्या ठिकाणी याला कुणी अनप्रोफेशनल म्हणत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

तसंच 'आपण सगळे एक फॅमिली आहोत' असं म्हणून रविवार मागायचा आणि अप्रेझलला मात्र बजेट नाही म्हणायचं, हेही त्यातच आलं. बाईमाणसाला कामावर सुरक्षित वाटणं ही तर कायद्यातलीच गोष्ट आहे, 2013 च्या कायद्याप्रमाणे 10 किंवा जास्त लोक असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी, आणि ती नोटीस बोर्डावरच्या कागदापुरती असून उपयोग नाही.

नोकरी सोडताना

आयटीत नोटीस पिरियड बऱ्याच ठिकाणी 90 दिवसांचा असतो. नवी कंपनी म्हणते 30 दिवसांत या, जुनी सोडत नाही, उरलेल्या दिवसांचे पैसे भरून सुटण्यावरून, म्हणजे बायआउटवरून, घासाघीस होते, आणि या ओढाताणीत लोक रागाने केटी, म्हणजे आपल्या कामाची माहिती पुढच्याला देणं, अर्धवट सोडतात किंवा जॉइन करतो सांगून ऐनवेळी फोनच उचलत नाहीत कारण दरम्यान तिसरी ऑफर आलेली असते. चांगली ऑफर घेण्यात गैर काहीच नाही, पण ज्याने तुमच्यासाठी जागा धरून ठेवली त्याला आठवडाभर आधी एक फोन केला तर तो दुसरा माणूस बघू शकतो. आणि केटी द्यायची ती कंपनीला नाही तर शेजारच्या टेबलावरच्या माणसाला द्यायची असते, कुठला प्रोग्रॅम रात्री अडकतो, कुठला क्लायंट मेलपेक्षा फोनवर लवकर ऐकतो, कुठल्या फाईलला हात लावायचा नाही, हे डॉक्युमेंटमध्ये नसतं आणि तेच सांगायचं असतं. रिलीव्हिंग लेटर अडवून ठेवणाऱ्या एचआरलाही हाच नियम लागू, नोटीस पूर्ण केली, लॅपटॉप जमा केला, की लेटर आणि हिशोबाचे पैसे वेळेत द्यायचे.