पात्याखालची हवा

२ मे २०११. मध्यरात्र उलटून गेली होती. अमेरिकेची दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरं पाकिस्तानातल्या अबोटाबादला ओसामा बिन लादेनच्या घरावर पोहोचली. या घराची आणि आवाराची प्रतिकृती अमेरिकेत उभारून तिथे आधी कसून सराव झाला होता. पण नंतर बाहेर आलेल्या वर्णनांनुसार एक गोष्ट वेगळी राहिली. खऱ्या आवाराला उंच, भरीव भिंती होत्या आणि सरावाच्या जागी जाळीचं कुंपण होतं. जाळीतून हवा निघून जाते, भिंतीतून जात नाही. पंख्याने खाली लोटलेली हवा भिंतींना अडून वर आली आणि पुन्हा पंख्यातच ओढली गेली. त्यात रात्रही अपेक्षेपेक्षा उबदार होती. पहिलं हेलिकॉप्टर खाली बसत चाललं आणि वैमानिकाला आवरेना. शेवटी त्याने ते आवारातच टेकवलं, तेव्हा शेपटी भिंतीवर अडकली. आतले सगळे सुखरूप बाहेर पडले.

घरच्या संगणकावर हेलिकॉप्टर उडवायला लागल्यापासून ही हकिगत माझ्या मनातून जात नाही. सिम्युलेटरची चर्चा निघाली की लोक चित्राबद्दल बोलतात. झाडं किती खरी वाटतात, काचेवर पावसाचे थेंब कसे ओघळतात, असं. प्रतिकृतीतही दिसायचं ते बहुतेक बरोबर असणार. हवा मात्र वेगळी होती, आणि हेलिकॉप्टर हवेवर चालतं. म्हणून सिम्युलेटर खरा की खोटा हे मी त्याने हवेचा हिशेब कसा मांडलाय त्यावर ठरवतो.

हा हिशेब समजून घ्यायला व्हिएतनाम युद्धातलं ह्यूई हे अमेरिकन हेलिकॉप्टर बरं. त्याच्या मोठ्या पंख्याला दोनच पाती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण साडेचौदा मीटर. मिनिटाला सुमारे ३२४ फेरे. म्हणजे पात्याचं टोक ताशी ८९० किलोमीटरच्या आसपास धावत असतं. हेलिकॉप्टर जागेवर तरंगत असेल तर दोन्ही बाजू सारख्या. आता ते ताशी १८० किलोमीटरने पुढे निघालं असं धरा. उजवीकडचं पातं वाऱ्याला सामोरं जातंय, त्याच्या टोकाला हवा ताशी १,०७० किलोमीटरने भेटते. डावीकडचं पातं मागे चाललंय, त्याला ७१० नेच. पात्याने मिळणारी उचल वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे त्याच कोनात धरलेल्या उजव्या टोकाला डाव्याच्या सव्वादोन पट उचल मिळायला हवी. असं झालं तर हेलिकॉप्टर तिथल्या तिथे डावीकडे उलथेल.

ते उलथत नाही, कारण पात्यांना वरखाली हलायची मुभा ठेवलेली असते. पुढे जाणारं पातं वर उचललं जातं आणि उचललं जाताना त्याचा हवेशी असलेला कोन कमी होतो. मागे जाणारं पातं खाली येतं, त्याचा कोन वाढतो. बेरीज जुळते. पण वेग वाढवत नेला की एक वेळ अशी येते की मागे जाणाऱ्या पात्याची हवेवरची पकडच सुटते. हेलिकॉप्टर विमानाच्या वेगाने का धावत नाही, याचं उत्तर बरंचसं इथे आहे. नेहमीच्या घडणीच्या हेलिकॉप्टरांतला वेगाचा विक्रम ब्रिटनच्या लिंक्सने १९८६ साली केला, ताशी ४००.८७ किलोमीटर. प्रवासी जेट विमान त्याच्या दुपटीने सहज जातं.

जुन्या खेळांत हेलिकॉप्टर म्हणजे हवेत थांबू शकणारं विमान, एवढंच असायचं. हे सगळं त्यात नसे. चांगला सिम्युलेटर प्रत्येक पात्याचे लांबीत छोटे तुकडे पाडतो. या क्षणी या तुकड्यावर हवा किती वेगाने, कोणत्या कोनात येतेय, त्यातून किती उचल आणि किती अडथळा, हे काढून सगळ्याची बेरीज करतो. पातं थोडं पुढे सरकलं की पुन्हा तेच, आणि हे सेकंदाला कितीतरी वेळा. ही रीत नवी नाही. जहाजांच्या पंख्यांसाठी ती एकोणिसाव्या शतकातच मांडली गेली होती. एवढी आकडेमोड क्षणात उरकणारं यंत्र घराघरांत पोहोचायला मात्र एकविसावं शतक उजाडलं. ‘डिजिटल कॉम्बॅट सिम्युलेटर’ या मालिकेत २००८ साली रशियाचं कामोव्ह का-५० आलं. त्याला शेपटीचा पंखाच नाही, एकावर एक असे दोन मोठे पंखे उलट दिशांनी फिरतात. जोरात असताना ते आडदांडपणे वळवलं तर वरची आणि खालची पाती एकमेकांवर आदळतात. सिम्युलेटरमध्येही आदळतात.

मी मात्र ह्यूईवरच शिकलो, आणि शिकताना सगळ्यात अवघड गेलं ते नुसतं जमिनीपासून दोन मीटरवर स्थिर राहणं. डाव्या हातात कलेक्टिव्ह असतं, ते वर घेतलं की सगळ्या पात्यांचा कोन एकदम वाढतो. उजव्या हातात सायक्लिकची दांडी, जिकडे लोटू तिकडे पंखा झुकवणारी, पायांशी शेपटीच्या पंख्याची पेडलं. कलेक्टिव्ह बोटभर वर घ्या. इंजिन पंख्याला जास्त जोर लावतं आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून नाक उजवीकडे वळायला लागतं. डावं पेडल दाबा. शेपटीचा पंखा जोर करतो, नाक थांबतं, पण तोच पंखा आता अख्ख्या हेलिकॉप्टरला उजवीकडे सरकवायला लागतो. मग दांडी किंचित डावीकडे. म्हणून तरंगणाऱ्या ह्यूईचा फोटो नीट पाहिलात तर त्याची जमिनीवर टेकायची डावी पट्टी उजवीपेक्षा जरा खाली झुकलेली दिसते. दांडी डावीकडे कलली की उचलही थोडी तिरकी होते, उंची घटते, आणि पुन्हा कलेक्टिव्ह. या फेऱ्याला शेवट नाही. दिसतं ते स्थिर हेलिकॉप्टर, पण हात-पाय क्षणभरही थांबलेले नसतात. मला हे जमलं ते जवळच्या गवताकडे बघणं सोडून लांबच्या झाडांच्या रांगेवर नजर ठेवली तेव्हा. हेलिकॉप्टर हलायला लागल्यावर गवत सांगेपर्यंत उशीर झालेला असतो; क्षितिज आधी कलतं.

दांडीमागे आणखी एक गंमत दडलेली आहे. दांडी पुढे लोटली की पंख्याची पुढची कड खाली जावी असं आपल्याला हवं असतं. पण फिरत्या वस्तूला एका जागी दिलेला धक्का जवळपास पाव फेरा पुढे जाऊन दिसतो. म्हणून ह्यूईची यंत्रणा पात्याचा कोन उजवीकडे कमी करते आणि डावीकडे वाढवते, तेव्हा कुठे पंखा पुढे झुकतो. आपल्याला दिशा बरोबर मिळते ती या आतल्या चुकीच्या वाटणाऱ्या जोडणीमुळे.

आता पुन्हा अबोटाबादकडे. चार टन वजनाचं ह्यूई जागेवर तरंगत असताना पंख्यातून हवा ताशी सुमारे ३५ किलोमीटरने खाली जात असते. हेलिकॉप्टर सरळ खाली उतरायला लागलं आणि उतरण्याचा वेग या हवेच्या वेगाच्या अर्ध्यापुढे गेला, की ते आपणच ढकललेल्या हवेला गाठू लागतं. पात्यांच्या टोकांशी हवा खालून वर वळते आणि पुन्हा वरून आत ओढली जाते. पंख्याभोवती भोवऱ्याचं कडं तयार होतं. इंजिन पूर्ण जोरात, आणि उचल मात्र गळत जाते. घाबरून कलेक्टिव्ह ओढलं तर कडं आणखी बळावतं. सुटायचं तर नाक खाली करून पुढे निघायचं, नाहीतर व्युशार या स्विस वैमानिकाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीने बाजूला सरकायचं, न ढवळलेल्या हवेत. शिकाऊ वैमानिकाला म्हणूनच बरंच राखून सांगतात, की वेग संपलेला असताना मिनिटाला ३०० फुटांपेक्षा जोरात खाली येऊ नकोस.

पात्यांचे तुकडे पाडून हा भोवरा सिम्युलेटरमध्ये बऱ्यापैकी आणता येतो. भिंतीवर आपटून परतणारी हवा ही त्याच्या पुढची पायरी. चार भिंतींमधली हवा बारकाईने मोजायची तर मोठ्या संगणकांनाही तास लागतात, आणि वैमानिकाला उत्तर याच क्षणी हवं असतं. म्हणून तिथे अंदाज बसवावे लागतात. त्या अंदाजाची हद्द कुठे संपते हे सरावाला बसणाऱ्याला ठाऊक असलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

हवेनंतर शरीर. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारी इंद्रियं आहेत आणि ती डोळ्यांशी सतत ताळा करत असतात. लष्करी सिम्युलेटरचं कॉकपिट सहा पायांवर उभं असतं. वेग वाढल्याचा भास द्यायला ते हळूच मागे कलतं; पाठीवर येणारा दाब गुरुत्वाकर्षणाचा असतो, पण समोरच्या चित्रामुळे मेंदू तो वेगाचा समजतो. कलणं इतकं सावकाश ठेवतात की कानाला कळू नये. बंगळुरूला हिंदुस्तान एरोनॉटिक्स (एचएएल) आणि सिम्युलेटर बनवणाऱ्या कॅनडाच्या सीएईने मिळून उभारलेल्या हॅट्सऑफ केंद्रात वेगवेगळ्या हेलिकॉप्टरांची कॉकपिटं बदलून बसवता येतात, त्यातलं एक आपल्या ध्रुवचं.

सिम्युलेटरमुळे होणाऱ्या मळमळीची पहिली शास्त्रीय नोंदही हेलिकॉप्टरच्याच सिम्युलेटरची आहे, १९५७ सालची. त्या यंत्रावर शिकाऊंपेक्षा अनुभवी शिक्षकांना जास्त त्रास झाला. नवख्याला काय जाणवायला हवं हेच माहीत नसतं. हजारो तास उडालेल्या माणसाच्या शरीरात मात्र खऱ्या हेलिकॉप्टरची आठवण मुरलेली असते, आणि खोटं त्याला लगेच बोचतं.

नाशिककरांना हेलिकॉप्टरचा आवाज नवा नाही. गांधीनगरला लष्कराची कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल आहे, लष्कराचे वैमानिक तिथे घडतात. पुढे त्यातले काही सियाचिनला जातात. तिथे २०,००० फुटांवर हवा समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मी. तेवढंच वजन तरंगत ठेवायला पंख्याला साधारण सदतीस टक्के जास्त ताकद लागते आणि नेमकं तिथेच इंजिनाचा दम कमी पडतो. या कामासाठी चीता हेलिकॉप्टर वर्षानुवर्षं राबतंय. मूळचं ते फ्रान्सचं लामा, भारतीय सैन्याच्या उंचावरच्या गरजेसाठीच बेतलेलं आणि एचएएलने इथे बांधलेलं.

याच लामामधून २१ जून १९७२ रोजी झाँ बुले हे फ्रेंच वैमानिक १२,४४२ मीटरवर गेले, एव्हरेस्टच्या साडेतीन किलोमीटर वर. तिथे इंजिन विझलं आणि पुन्हा पेटेना. अशा वेळी कलेक्टिव्ह तत्काळ खाली करायचं, पात्यांचा कोन जवळपास सपाट. मग खालून येणारी हवाच पंखा पवनचक्कीसारखा फिरता ठेवते. पंख्यात साठलेली ही गती म्हणजे वैमानिकाची शिल्लक. ती जमिनीजवळ आल्यावर एकदाच खर्च करता येते. नाक उचलून वेग मारायचा आणि अगदी शेवटी कलेक्टिव्ह ओढायचं. लवकर ओढलं तर उंचावरच शिल्लक संपते, उशिरा ओढलं तर जमीन आधी येते. बुले त्या उंचीवरून इंजिनाविना सुखरूप उतरले.

मी रोज संध्याकाळी ह्यूईचं इंजिन १,५०० फुटांवर बंद करतो. आधी इंजिनाचा आवाज बसतो, मग पंख्याच्या फेऱ्यांचा काटा घसरायला लागतो. इतक्या दिवसांनी आता डावा हात काटा बघायची वाट पाहत नाही, आवाज बसताच खाली जातो. साठ फुटांवर नाक उचलायचं, वेग मरताना पंख्याचा सूर चढतो तो ऐकायचा, आणि जमीन पायाशी आली की हात वर.