गालिचा येतो तो पुढच्या भागात

झांझिब शहराच्या बाजारात अब्दुल्ला नावाचा तरुण गालिचे विकतो. दुकान लहान, नातेवाईक कटकटे, गिऱ्हाइकं बेताची. मग एक अनोळखी माणूस जुनाट, ठिगळं लावलेला गालिचा त्याच्या गळ्यात मारतो आणि तो गालिचा त्याच रात्री झोपलेल्या अब्दुल्लाला उचलून एका राजकन्येच्या बागेत नेऊन ठेवतो. राजकन्येने आयुष्यात बापाशिवाय दुसरा पुरुष पाहिलेला नाही. झोपेच्या सदऱ्यातल्या अब्दुल्लाला ती बाईच समजते. पुरुष किती तऱ्हांचे असतात हे तिला कळावं म्हणून तो पुढच्या भेटीत चित्रांचा गठ्ठा घेऊन येतो. प्रेमकथेची इतकी निर्मळ, हसरी सुरुवात मी फार थोड्या ठिकाणी वाचली आहे.

पुस्तकाचं नाव ‘कॅसल इन दि एअर’, साल १९९०, लेखिका डायना विन जोन्स. ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’ या १९८६च्या कादंबरीनंतरचा हा मालिकेतला दुसरा भाग. पहिल्या भागात शापाने म्हातारी झालेली सोफी आणि नटवा, भित्रा, पण मनाचा मोठा जादूगार हाउल यांचं भांडत भांडत जुळतं. पुढचा भाग हातात घेताना वाचकाला हीच जोडी हवी असते आणि पानांमागून पानं उलटली तरी ती दिसत नाही. पहिल्या वाचनात मी तिला शोधत राहिलो. दुसऱ्या वाचनात कळलं, की ती सगळी मंडळी केव्हाची माझ्यासमोरच होती. कोण कुठल्या रूपात लपलंय ते इथे फोडणार नाही, कारण पुस्तकाचा निम्मा आनंद त्यातच आहे.

पुढच्या भागाची वाट पाहणं म्हणजे काय, हे जोन्स यांना लहानपणीच कळलं होतं. जन्म १९३४चा, लंडनचा. पुढे आईवडील इसेक्समधल्या थॅक्स्टेड गावात एक शिक्षणकेंद्र चालवत. तीन मुलींकडे लक्ष द्यायला त्यांना सवड नसे आणि वडिलांचा हात पुस्तकांच्या बाबतीत फारच आखडता होता. त्यांनी आर्थर रॅन्सम यांच्या मुलांसाठीच्या साहसकथांचा अख्खा संच विकत घेतला, तो कपाटात कुलूपबंद ठेवला आणि दर नाताळाला तिघींत मिळून एक पुस्तक बाहेर काढलं. वर्षाला एक! मालिकेचे उरलेले भाग घरातच आहेत, पण हाताला लागत नाहीत. गोष्टींची भूक भागेना, तेव्हा थोरली डायना स्वतःच लिहून बहिणींना वाचून दाखवू लागली. पुढे ऑक्सफर्डला तिने सी. एस. लुईस आणि टोल्किन या अद्भुतकथाकारांची व्याख्यानं ऐकली. लेखिकेच्या घडणीत त्यांचं नाव नेहमी घेतलं जातं, पण मला विचाराल तर ते कुलूपबंद कपाट जास्त महत्त्वाचं.

पहिल्या भागाचं बीज एका शाळकरी मुलाचं. जोन्स एका शाळेत गेल्या असताना त्याने सुचवलं, की चालत्या किल्ल्यावर एक पुस्तक लिहा. त्यांनी त्याचं नाव टिपून घेतलं आणि इतकं नीट जपून ठेवलं की नंतर ते सापडेचना. पुस्तकाच्या सुरुवातीला त्यांनी तशी कबुली देऊन त्या मुलाचे आभार मानले आहेत.

दुसऱ्या भागाचं मूळ मात्र बरंच मागे, ‘अरेबियन नाइट्स’मध्ये आहे. तो ग्रंथही युरोपात भागाभागांनीच पोचला. आंत्वान गालाँ या फ्रेंच पंडिताने केलेल्या रूपांतराचे बारा खंड १७०४ ते १७१७ या काळात निघाले. आणखी गोष्टी सांगा म्हणून पॅरिसची पोरं रात्री-अपरात्री त्याच्या खिडकीखाली ओरडत, अशी आख्यायिका आहे. त्याच्याजवळच्या अरबी हस्तलिखितातल्या गोष्टी संपल्या. मग १७०९मध्ये त्याला अलेप्पोहून आलेला हन्ना दियाब हा तरुण पॅरिसमध्ये भेटला. अल्लाउद्दीन, अलीबाबा आणि राजपुत्र अहमद व परी बानू यांच्या गोष्टी गालाँने या दियाबच्या तोंडून ऐकल्या. यातल्या शेवटच्या गोष्टीत तो गालिचा आहे: त्यावर बसायचं आणि मनात आणलेल्या ठिकाणी पोचायचं. राजपुत्र हुसेन तो विकत घेतो ‘बिस्नगर’च्या बाजारात, म्हणजे आपल्या विजयनगरात. सुलेमानाच्या उडत्या गालिच्याची दंतकथा जुनीच, पण युरोपातल्या मुलांच्या मनात हा गालिचा भरला तो गालाँमुळे. आणि ही गोष्ट आली अगदी अखेरीस. शेवटचे खंड निघाले तेव्हा गालाँ जाऊन दोन वर्षं झाली होती.

इंग्रजीत ई. नेस्बिट यांनी गालिच्याला घरगुती, विनोदी जादूच्या गोष्टीत आणलं ते १९०४मध्ये, ‘द फिनिक्स अँड द कार्पेट’मधून. तोही एका त्रयीचा दुसराच भाग. अब्दुल्लाचा गालिचा मला याच वाटेने आलेला वाटतो.

मराठीत हे भांडार एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आणलं, ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ या नावाने. म्हणूनच जोन्स यांचा झांझिब मराठी वाचकाला परका वाटू नये. बाटलीतला जिन आहे, पण दिवसाला एकच इच्छा पुरवणारा आणि तीही होता होईल तो नुकसान करूनच. स्तुतीच्या मखमलीत गुंडाळून घासाघीस करणारे व्यापारी आहेत. खुद्द पुस्तकाचं नावही, म्हणजे ‘हवेतला किल्ला’, आपल्या ओळखीचं. मराठीत त्याला शेखमहंमदी मनोराज्य म्हणतात. पंचतंत्रातला सातूच्या भांड्याखाली पडून मुलाचं बारसंही करून टाकणारा ब्राह्मण किंवा अरबी गोष्टीतला काचसामान विकणारा न्हाव्याचा भाऊ, दोघेही स्वप्नाच्या भरात लाथ मारतात आणि सगळं फुटतं. अब्दुल्लाही दुकानात बसून आपण हरवलेले राजपुत्र आहोत अशी स्वप्नं रंगवतो. पण जोन्स भांडं फोडत नाहीत. त्याची स्वप्नं एकेक करून खरी होऊ लागतात, अगदी बारीकसारीक तपशिलांसकट, आणि तिथूनच त्याची खरी पंचाईत सुरू होते. कारण त्याच्या डोळ्यांदेखत एक प्रचंड जिन राजकन्येला उचलून नेतो. या जुन्या बोधकथेला दिलेली इतकी प्रेमळ कलाटणी माझ्या वाचनात दुसरी नाही.

जपानी दिग्दर्शक मियाझाकींचा ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’वरचा चित्रपट २००४मध्ये आला आणि पहिल्या भागाला जगभर नवे वाचक मिळाले. तिसरा भाग, ‘हाउस ऑफ मेनी वेज’, दुसऱ्यानंतर तब्बल अठरा वर्षांनी, २००८मध्ये निघाला. प्रेमकथा इथे मागे सरते आणि गंमत पुढे येते. नायिका शार्मेन ही पुस्तकात डोकं खुपसून बसणारी, घरकामाचा गंध नसलेली मुलगी. नात्यातल्या एका आजारी जादूगार आजोबांचं घर सांभाळायला तिला पाठवतात. तिथे उष्ट्या भांड्यांचे आणि कपड्यांचे ढीग, आणि दार एकच, पण वळाल तसं वेगवेगळ्या जागी नेणारं. तिचं एकच स्वप्न: राजाच्या ग्रंथालयात काम करायचं. ते पुरं होतं, आणि तिथेच मांडीवर पोर घेतलेली सोफी दिसते. हाउलही अर्थात आलेला असतोच. कुठल्या रूपात ते नाही सांगत, पण सोफीचा त्या वेळचा संताप वाचाल तेव्हा आसपास कोणी झोपलेलं नसेल एवढं पाहा.