चिकटलेला क्लच आणि गंजाची पकड

ऑक्टोबरची द्राक्षछाटणी तोंडावर आली की निफाड-दिंडोरीकडे वर्षभर पत्र्याखाली उभा असलेला जुना ट्रॅक्टरही ब्लोअरसाठी, म्हणजे औषध फवारायच्या यंत्रासाठी, बाहेर काढावा लागतो. बॅटरी बदलली, इंजिन लागलं, पण क्लच दाबूनही गिअर पडत नाही. नुसता खर्रर्र आवाज. पेडल तर नेहमीसारखं खाली जातंय. मग बिघाड कुठे?

कोरड्या क्लचमध्ये क्लच प्लेट ही फ्लायव्हील (इंजिनासोबत फिरणारं जड चाक) आणि प्रेशर प्लेट (तिला मागून दाबणारी चकती) यांच्यामध्ये स्प्रिंगच्या जोरावर दाबलेली असते. आपण पेडल दाबतो तेव्हा हा दाब फक्त निघून जातो. क्लच प्लेटला फ्लायव्हीलपासून ओढून काढणारं आत काहीच नसतं, ती आपली आपण सुटायची असते. ट्रॅक्टर उभा असताना पेडल वर असतं, म्हणजे वर्षभर ती चिमटीतच. त्यात पावसाळ्याची दमट हवा शिरते. निफाडच्या थंडीत तर रात्रभर गार पडलेल्या फ्लायव्हीलच्या बिडावर (ओतीव लोखंडावर) सकाळची हवा लागून दव धरतं. क्लच प्लेटचं अस्तर सच्छिद्र, ते ओल धरून ठेवतं आणि बीड गंजतं. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो, म्हणून तो अस्तराच्या छिद्रांत घुसून बसतो.

ही पकड घट्ट असते, पण ठिसूळ. संथ जोराला ती दाद देत नाही, हिसक्याने तडकते. सगळा इलाज या एका गुणावर उभा आहे.

आधी पेडल पूर्ण दाबून लाकडाचा टेकू द्या आणि दोन-चार दिवस तसंच राहू द्या. मग इंजिन अर्धा-पाऊण तास चालवून तापवा. ३० सेंटीमीटर व्यासाचं फ्लायव्हील ५० अंशांनी तापलं तर जेमतेम ०.१६ मिलिमीटर फुगतं. पण अस्तर तेवढंच फुगत नाही आणि मधल्या गंजाला ताण बसतो. एवढ्याने क्लच सुटला नाही, तर मोकळ्या रानात, औजार काढून, इंजिन बंद असतानाच वरचा गिअर टाका आणि स्टार्टर मारून ट्रॅक्टर चालवा. क्लच दाबलेलाच ठेवून ॲक्सिलरेटर द्या, लगेच ब्रेक मारा, पुन्हा द्या. उलटसुलट हिसके बसले की गंज तुटतो आणि चाकं इंजिनपासून सुटतात.

इथे जिवाला धोका आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. क्लच चिकटलेला असताना गिअरमध्ये स्टार्टर मारला की ट्रॅक्टर त्याच क्षणी उडी घेतो. समोर माणूस, भिंत, विहीर नको. स्टार्टर सीटवर बसूनच मारा. खाली उभं राहून तारा जोडून तर कधीच नाही. डाव्या-उजव्या ब्रेकची पेडलं कडीने जोडून घ्या, नाहीतर एकच चाक धरेल. इंजिन बंद करायचा दांडा हाताशी हवा.

काहीजण क्लचच्या घराला खालून असलेल्या भोकातून डिझेल किंवा तेल मारतात. ते मात्र नको. अस्तर तेल पितं आणि सुटलेला क्लच पुढे ओझ्याखाली घसरत राहतो. हिसक्यांनीही सुटला नाही, तर इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करून क्लच प्लेट हाताने काढणं एवढंच उरतं.

काम संपल्यावर ट्रॅक्टर लावताना तोच लाकडी टेकू पेडलला द्या.