एकात्मिक बहुस्तरीय सागरी मत्स्यशेती

आहारसाखळीच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवरचे जीव एकाच पाण्यात शेजारी शेजारी वाढवण्याची पद्धत. खाद्य फक्त माशांना घालायचे. त्यांची विष्ठा, उरलेला चारा आणि पाण्यात विरघळलेली द्रव्ये यांवर शिंपले व समुद्री शेवाळ पोसले जाते. बेळगाव जिल्ह्याला समुद्र नाही. त्यामुळे सीमाभागाच्या दृष्टीने या पद्धतीचा विचार कारवारच्या किनाऱ्यापासून करावा लागतो. घाटावर तिचे गोड्या पाण्यातील रूप आढळते.

समुद्रातल्या जाळीच्या पिंजऱ्यातला मासा खाद्यातला सगळा नायट्रोजन अंगी लावत नाही. बराचसा भाग अमोनियाच्या रूपात कल्ल्यांवाटे पाण्यात उतरतो आणि साचला तर त्याच माशांच्या जिवावर येतो. हा विरघळलेला भाग शेवाळ शोषून घेते. तरंगणारे बारीक कण शिणाणे आणि कालवे हे शिंपल्यांचे प्रकार गाळून खातात. जड कण तळाशी बसतात. चीनमध्ये ते फस्त करायला समुद्रकाकड्या (तळावर सरपटणारे, काकडीच्या आकाराचे सागरी जीव) सोडतात. भारतात समुद्रकाकडीला २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असल्याने मच्छीमारांना हा थर वगळावाच लागतो. पिंजऱ्याजवळ शेवाळ-शिंपल्यांचे चार तराफे बांधले की पाणी निवळले, हा समज मात्र सोडून द्यायला हवा. शेवाळ आणि शिंपले प्रवाहाच्या खालच्या अंगाला हवेत, आणि माशांच्या मानाने त्यांचे प्रमाण पुरेसे मोठे हवे. या पद्धतीचे यश ह्या हिशेबावर अवलंबून असते.

कॅनडाच्या फंडी उपसागरात २००१ पासून संशोधक थिएरी शोपँ यांच्या गटाने सामन मासा, शिंपले आणि केल्प शेवाळ एकत्र वाढवून पाहिले. भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तमिळनाडूतील पाल्कच्या उपसागरात मोडसा (कोबिया) माशाच्या पिंजऱ्याभोवती कप्पाफायकस शेवाळाचे बांबूचे तराफे लावले. पिंजऱ्याजवळच्या तराफ्यांवर शेवाळाचे उत्पन्न जास्त आले. पण कप्पाफायकस परदेशी आहे. मन्नारच्या आखातात ते प्रवाळांवर पसरल्याचे आढळले आहे, तेव्हा दुसऱ्या किनाऱ्यावर ते नेताना घाई करू नये.

कारवारला याच संस्थेचे केंद्र असून तेथे मोडसा आणि चोणक (जिताडा) यांचे पिंजऱ्यातील संवर्धन झाले आहे. हिरवे शिणाणे या किनाऱ्यावरच्या खडकांवर मुळातच वाढतात. त्यांचे बी (लहान पिल्ले) दोरावर ठेवून भोवती सुती कापड गुंडाळतात. काही दिवसांत कापड कुजून गळते, तोवर शिणाण्यांनी आपल्या तंतूंनी दोर पकडलेला असतो. खरी अडचण पावसाळ्याची. काळी नदीचा लोंढा खाडीत उतरला की पाण्याचा खारेपणा एकदम घटतो आणि शिणाणे मरतात. म्हणून पावसाळा सरल्यावर बी लावून पुढच्या पावसाआधी पीक काढावे लागते. शहराच्या सांडपाण्याजवळ तर शिणाणे लावूच नयेत. ते जे गाळतात ते त्यांच्या अंगात साठते, आणि तेच खाणाऱ्याच्या ताटात येते.

घाटावरच्या शेतकऱ्याला हे तत्त्व मिश्र मत्स्यशेतीतून परिचित आहे. कटला पृष्ठभागाजवळ चरतो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. त्यांच्या जोडीला चंदेरा, गवत्या आणि सिप्रिनस हे मासे सोडले की तळ्याचा एकही थर रिकामा राहत नाही. गवत्याच्या विष्ठेने पाण्यात प्लवक (तरंगणारे सूक्ष्म जीव) वाढते आणि ते चंदेऱ्याच्या कामी येते. १९५७ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन भारतीय कार्प (कटला, रोहू, मृगळ यांच्या गटातील) माशांचे प्रजनन घडवले. त्याआधी बी नदीतून गोळा करावे लागे आणि त्यात नको त्या जातीही मिसळलेल्या असत. हव्या त्या जाती हव्या त्या प्रमाणात सोडणे त्यानंतरच शक्य झाले. मिश्र मत्स्यशेतीचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प १९७१ मध्ये सुरू झाला.

घटप्रभेवरील हिडकल आणि मलप्रभेवरील नविलतीर्थ ही बेळगाव जिल्ह्यातली मोठी धरणे. एवढ्या विस्तृत जलाशयात जातींचे प्रमाण राखणे अवघड असते. गावतळे आणि शेततळे त्यासाठी अधिक सोयीचे. मात्र शेततळ्यात पाणी किती महिने टिकते ते आधी पाहावे. उन्हाळ्यात तळ आटणार असेल तर बारीक मत्स्यबीजाऐवजी मोठी बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) सोडून पाणी संपण्याआधी मासे काढून घेणे हिताचे. अथणी, रायबाग आणि चिकोडीकडे कृष्णाकाठची काही उसाची जमीन जादा पाण्याने क्षारपड झाली आहे. हरियाणातील रोहतकजवळ अशाच खारपट भूजलावर कोळंबीचे संवर्धन झाले आहे. पण भूजलातील क्षार आणि समुद्रातील क्षार एकसारखे नसतात. पोटॅशियम बहुधा कमी पडते आणि ते वरून घालावे लागते. त्यामुळे पाण्याची तपासणी केल्याशिवाय येथे तळे खोदण्यावर खर्च करू नये.