खिडकीत बसलेल्याचे डोळे आणि त्यामागची जुनी शोधाशोध

ठाणे-वाशी लोकलमध्ये खिडकीपाशी बसलेल्या माणसाची बुबुळं कधी बघितलीयेत का? जरा बेताने बघा, लोकं विचित्र नजरेनं बघतात. ऐरोली सुटलं की बुबुळं एखाद्या खांबाला धरून हळूच मागे सरकतात, मग टकन पुढे उडी, परत नवा खांब. भाचीला घेऊन वाशीला चाललो होतो तेव्हा तिचं हे बघून विचारलं, डोळे का गं हलवतेस, तर म्हणे, "मामा, मी कुठे हलवतेय?"

बरोबरच आहे तिचं. आता भिंतीकडे बघून डोळा न अडखळता डावीकडून उजवीकडे न्यायचा प्रयत्न करा, जमत नाही, उड्याच पडतात. समोर स्वतःचं बोट फिरवा, लगेच लोण्यासारखा सरकतो. म्हणजे डोळ्याला सलग सरकायला बहुतेक वेळा समोर काहीतरी हलणारं लागतंच. पण त्या हलणाऱ्या वस्तूकडून मेंदू नक्की काय उचलतो हे कळायला शंभरच्या वर वर्षं गेली.

पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञानं घोडदळाची परेड बघणाऱ्या लोकांचे डोळे असेच हलताना नोंदवले ते १८२५ मध्ये, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली (१६ एप्रिल १८५३) त्याच्या २८ वर्षं आधी. पुढे रेल्वे पसरली आणि जर्मनमध्ये या हालचालीला नावच रेल्वेवरून पडलं. १९०३ साली अमेरिकेत रेमंड डॉजनं डोळ्यांच्या हालचालींचे पाच प्रकार वेगळे केले, त्यात झटक्याची उडी (सॅकेड) वेगळी आणि सलग पाठलाग वेगळा.

साधा समज असा की वस्तू नजरेच्या मध्यातून बाजूला गेली की मेंदू डोळा ओढून तिच्यावर आणतो. रॅशबास नावाच्या संशोधकानं १९६१ मध्ये याला सुरुंग लावला, आणि माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात भारी प्रयोग हाच. बघणाऱ्यासमोरचा ठिपका आधी अचानक डावीकडे उडवायचा आणि तिथून लगेच सावकाश उजवीकडे चालवायचा. ठिपका अजून डावीकडेच असतो आणि डोळा निघतो उजवीकडे! गाडी फलाटात शिरत असते, आपला डबा अजून मागे असतो, तरी लोकं गाडीच्या दिशेनं चालायला लागतात ना, वेग जुळवून घ्यायला, तसंच. पाठलाग सुरू होतो तो मुख्यतः वेगावर, जागा दुरुस्त करायला सॅकेड आहेच.

मग १९६३ मध्ये रॉबिन्सननं डोळ्यावर बसणारी बारीक कॉइल (तारेचं वेटोळं) आणि बाहेर चुंबकीय क्षेत्र अशी सोय केली, त्यामुळे हालचाल फार बारकाईनं मोजता यायला लागली.

पण वेग मोजतो कोण? १९७१ मध्ये डबनर आणि झेकी यांना माकडाच्या मेंदूत असा भाग सापडला की तिथल्या न्यूरॉन्सना (मेंदूतल्या पेशींना) रंगाबिंगाशी फार घेणंदेणं नाही, वस्तू कुठल्या दिशेनं सरकते त्यावर ते पेटतात. याला आज एमटी म्हणतात. १९८३ मध्ये एका बाईंची केस छापून आली, मेंदूला इजा झाल्यानं त्यांना हालचालच दिसेना, चहा ओततानाची धार गोठल्यासारखी दिसायची म्हणून कप कधी भरला ते कळायचं नाही. आणि १९८५ मध्ये न्यूसम, वुर्ट्झ वगैरे मंडळींनी माकडाच्या एमटीतला छोटासा भाग निकामी केला, तेव्हा स्थिर ठिपक्यावर उडी अचूक पडत होती, पण हलणाऱ्या ठिपक्याच्या वेगाचा अंदाज चुकायचा. काही दिवसांत ते बरंचसं सुधारलं, हेही लक्षात ठेवा.

एमटीपासून पुढे सिग्नल पॉन्समधून (मेंदूच्या देठाचा एक भाग) लहान मेंदूत आणि तिथून डोळ्याच्या स्नायूंकडे, हा रस्ता थोडक्यात. गंमत वेळेत आहे. ठिपका हलल्यावर डोळा निघायला साधारण ०.१ सेकंद लागतो, आणि निघाल्यावरही तेवढाच वेळ तो आधीच्या अंदाजावरच चालतो, कारण नवीन माहिती अजून वाटेत असते. ऑस्बोर्न, लिसबर्गर आणि बियालेक यांनी २००५ मध्ये दाखवलं की या सुरुवातीच्या टप्प्यात दर वेळी जो थोडा फरक पडतो तो बहुतांश बघण्यातल्या अंदाजाचा असतो, म्हणजे स्नायूंना उगाच दोष देऊ नका.

अजून एक. स्थिर ठिपक्याकडे बघत असताना तो जरा हलवला तर डोळा फारशी दाद देत नाही, पण पाठलाग चालू असताना तोच धक्का दिला तर जोरात उत्तर देतो. म्हणजे मध्ये कुठेतरी व्हॉल्यूमचं बटण आहे. २००१ मध्ये तानाका आणि लिसबर्गर यांनी माकडाच्या मेंदूत कपाळामागच्या भागात, फ्रंटल आय फील्डमध्ये, हलकासा करंट दिला आणि हा व्हॉल्यूम वाढला.

भाचीनं रबाळे यायच्या आत मोबाईल काढला. खांब तसेच पळत होते, बुबुळं मात्र स्क्रीनवर. बटण खाली गेलं असणार, असा आपला माझा अंदाज.