कुइन्यामान आणि गातो ब्रतों: साटा की मोहन?

फ्रान्समधल्या रेन शहरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक पातिसरी आहे, म्हणजे गोड पदार्थांचं दुकान. काचेमागे दोन गोल, सोनेरी केक शेजारी शेजारी असतात. एक कुइन्यामान, दुसरा गातो ब्रतों. दोन्ही इथल्या ब्रिटनी प्रांताचे, दोन्ही खाऱ्या लोण्याचे. पहिल्या वेळी मी नुसतं बोट दाखवलं आणि नको होता तोच घरी घेऊन आलो. चूक माझीच.

आपल्या स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगायचं तर कुइन्यामान चिरोट्याच्या कुळातला आणि गातो ब्रतों नानकटाईच्या. चिरोट्याला आपण पोळ्यांच्या मधे साटा लावतो. कुइन्यामानमध्येही पावाची यीस्ट घातलेली कणीक लाटून वर लोणी नि साखर पसरतात, घड्या घालतात, पुन्हा लाटतात. जुनं प्रमाण ऐकून पोटात गोळाच येतो: कणीक ४० टक्के, लोणी ३०, साखर ३०! भट्टीत ही साखर वितळून लोण्याबरोबर तळाशी उतरते आणि तिचा चिक्कीसारखा पाक होतो. म्हणून केक गरम असतानाच भांड्यातून काढायचा, गार झाला की तळाला चिकटून बसतो. वरून कडक, आत ओलसर, बोटं तुपकट. ब्रिटनीच्या ब्रेतों भाषेत ‘कुइन्य’ म्हणजे केक, ‘अमान’ म्हणजे लोणी. नावात आडपडदा नाही. श्रेय दिलं जातं ते दुआर्नने गावचे बेकर इव्ह-रने स्कोर्दिया यांना, साल १८६० च्या आसपासचं.

गातो ब्रतोंमध्ये घड्याबिड्या काही नाहीत. लोणी, साखर, मैदा आणि भरपूर अंड्यांचे पिवळे बलक एकत्र मळायचे. लोणी मोहनासारखं पिठात पूर्ण मुरतं. त्यामुळे तुकडा थरांनी सुटत नाही, भुसभुशीत मोडतो. ओळखायची खूण पाठीवर: बलक फासून काट्याने ओढलेली तिरप्या रेघांची जाळी. कधी आत आलुबुखाराचा गर भरलेला असतो. डब्यात बरेच दिवस टिकतो, माझ्या मते दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो.

खारं लोणी दोन्हीकडे का? राजेशाहीच्या काळात फ्रान्सच्या मोठ्या भागात मिठावर ‘गाबेल’ नावाचा जबर कर होता; ब्रिटनीला त्यातून सूट होती. मीठ स्वस्त, म्हणून लोण्यात सढळ हाताने.

अंडं चालत नसेल तर मूळ कृतीचा कुइन्यामान घ्या, त्याच्या कणकेत अंडं नसतं. वरून बलक फासलाय का, तेवढं दुकानात विचारा. गातो ब्रतोंच्या वाटेला मात्र जाऊ नका. आणि कुइन्यामान घरी आणलात तर ओव्हनमध्ये कोमट करून खा. मायक्रोवेव्हमध्ये मी एकदा घातला होता. थर मऊ पडले आणि पाक दाताला चिकटत बसला.